न लावलेली रोपं

गच्चीवरून थोरलीची हाक आली तेव्हा धाकटी जिन्यापाशी चपला काढत होती.

"अगं ए, आधी वर ये! पिशवी-बिशवी नंतर ठेव. पाहुणे आलेत आपल्याकडे!"

हाकेत एवढा आनंद होता की धाकटीला आधी बरंच वाटलं. थोरलीचा आवाज असा खणखणीत यायला लागून फार काळ झाला नव्हता. मधे कितीतरी दिवस त्या घरात बोलणं म्हणजे 'गोळी घेतलीस का' आणि 'घेतली' एवढंच होतं. थोरलीची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती, आणि मग एका अनोळखी माणसाच्या घरच्यांनी त्यांच्या सगळ्यात वाईट दिवशी मोठं मन दाखवलं, म्हणून एक तिच्या वाट्याला आलं. ते परकं आहे हे शरीराला कळू नये, यासाठी अंगातले राखणदारच झोपवून ठेवणारी औषधं तिला जन्मभर घ्यायची होती. "साधी सर्दी तुमच्यासाठी साधी नाही," असं डॉक्टरबाईंनी बजावून सांगितलं होतं. सांगताना त्यांनी थोरलीकडे कमी आणि धाकटीकडे जास्त पाहिलं होतं.

घरात दोघीच. धाकटी साठीकडे झुकली होती, पण थोरली आहे तोवर ती धाकटीच राहणार होती. लहानपणी आई कामावर जायची आणि धाकटीला आंघोळ घालायचं काम थोरलीकडे असायचं. बादलीत आधी स्वतःचं कोपर बुडवून बघायची ती. हाताला पाणी खोटं सांगतं, कोपराला खरं सांगतं, असं तिचं म्हणणं. मग म्हणायची, "ये, झालंय." त्या 'झालंय'वर धाकटीने आयुष्यभर डोळे मिटून विश्वास ठेवला होता.

ती गच्चीवर गेली. थोरली कुंड्यांच्या रांगेपुढे बुटक्या स्टुलावर बसली होती, हात कोपरापर्यंत काळे.

"बघ तरी! एकही मी लावलेलं नाही. मी टाकला होता पालक. आणि ही मंडळी निमंत्रण नसताना आली, सहकुटुंब सहपरिवार."

प्रत्येक कुंडीत, पालकाच्या बारीक रोपांच्या मधून, गुलाबाच्या बुंध्याशी, कडेकडेने, केसाळ देठाची कातरलेल्या पानांची रोपं दाटीने उभी होती. धाकटीने एक पान चुरगळून नाकाशी नेलं. टोमॅटो. दुसऱ्या कुंडीतही टोमॅटो. कोपऱ्यातल्या मोठ्या पिंपात तर भोपळ्याची दोन जाड पानं जीभ दाखवल्यासारखी वर आली होती.

"पाखरांनी टाकल्या असतील बिया," धाकटी म्हणाली.

"सगळ्या कुंड्यांत? सारख्या वाटून? तुझ्या खात्यात नोकरीला आहेत वाटतं पाखरं?"

"स्वयंपाकघरातलं काही टाकलं होतंस का मातीत? टोमॅटो धुतलेलं पाणी, सालं?"

"मी कशाला टाकू? तुझ्या कारखान्याचं खत असताना मला कचऱ्याची काय गरज? सगळ्या कुंड्या तुझ्याच पोत्यातून भरल्यात. अर्धं खत, अर्धी माती." थोरलीने मूठभर काळंभोर खत उचलून नाकाशी धरलं, एखादं फूल हुंगावं तसं. "बाळसं बघ कसं धरलंय रोपांनी."

"हातमोजे कुठे आहेत, ताई?"

"झालं सुरू! ते घातले की मातीची भेटच होत नाही. आणि तूच नाही का डॉक्टरांपुढे ऐटीत सांगितलंस, आमचं खत सत्तर अंशांवर तासभर शिजून निघतं, त्यात जंतू सोडा, बीसुद्धा जगत नाही?" ती हसायला लागली. "बीसुद्धा म्हणे! अगं, तुझ्या खताला मुलंबाळं झाली!"

थोरली हसत होती तशी धाकटीही एरवी हसली असती. तिची नजर थोरलीच्या अंगठ्यावर गेली होती. अंगठ्याला चिकटपट्टी होती आणि पट्टीची कड मातीने काळी झाली होती.

"हे काय?"

"गुलाबाचा काटा. परवा लागला. एवढं तोंड पाडायला काय झालं?"

धाकटीने तिला खाली नेऊन साबणाने हात धुवायला लावले, एकदा, मग पुन्हा, मग औषधी पाण्याने. थोरली कुरकुरत राहिली. "उद्या गच्चीवर जाऊ नकोस," धाकटी म्हणाली. "किडीचं औषध मारायचंय." हे खोटं होतं. खरं काय ते तिलाही अजून माहीत नव्हतं, आणि ते न पाहता गच्ची हिरावून घेण्याचा धीर तिला झाला नाही. त्या गच्चीनेच थोरलीला अंथरुणातून उठवलं होतं.

*

धाकटी काम करायची तो कारखाना गावाच्या कडेला होता. घराघरातला ओला कचरा तिथे यायचा, दळला जायचा आणि हवा न लागणाऱ्या दोन मोठ्या घुमटांत जायचा. त्या घुमटांना सगळे 'पोट' म्हणत. पोटात कचरा महिनाभर पचायचा, त्यातून गॅस निघायचा. गॅसवर बस चालायच्या, इस्पितळाचा पाणी तापवायचा बंब चालायचा, आणि वर्तमानपत्रात फोटो यायचे ते गॅसचे. पण पोट म्हटलं की मागून काही बाहेर पडणारच. तो काळा पातळ गाळ धाकटीच्या वाट्याला होता. रसायनशास्त्र शिकून ती इथे आली तेव्हा नातलगांनी नाकं मुरडली होती. ती म्हणायची, "गॅस सगळ्यांनाच हवाय. उरल्याचं निस्तरणारं कुणीतरी लागतंच ना."

निस्तरायचं म्हणजे असं: गाळ आधी गरम टाकीत जायचा. कचऱ्यात काय नसतं? नासलेलं मांस, आजाऱ्याचं उष्टं, मांजराची घाण. पोटातली ऊब हे सगळं पचवते, पण त्यातले जंतू मारत नाही, उलट काहींना ती मानवते. म्हणून टाकीतल्या नळ्यांमधून बॉयलरचं गरम पाणी फिरवून गाळ सत्तर अंशांवर तासभर धरायचा. मग तो चरकात पिळायचा. पाणी शुद्धीकरणाच्या तळ्याकडे जायचं आणि चोथा पत्र्याच्या छपराखाली वाळायचा. वाळला की खत. जो कचरा वेगळा करून देईल त्याला पोतं फुकट.

टोमॅटोची बी मोठी चिवट. ती माणसाच्या पोटातून जगून निघते आणि कारखान्याच्या पोटातूनही. फक्त सत्तर अंशांचा तास तिला झेपत नाही. म्हणून कुठल्याही पुस्तकाशिवाय कळायची सोपी खूण होती: खतात टोमॅटो उगवला तर खत शिजलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीच्या रस्त्याने निघाली आणि तिला ते दिसायला लागलं.

शिंप्याच्या दाराशी दोन डबे होते, शेवंतीचे. शेवंतीच्या भोवती टोमॅटो. केशकर्तनालयाच्या खिडकीत तुळतुळीत पांढऱ्या कुंडीत टोमॅटो. बेकरीच्या पायरीवर, जिथे गरम पावाचे ट्रे उतरवून ठेवतात तिथेच, एका जुन्या टबात गच्च रोपं, आणि त्यावर पिठाची भुकटी. रोज ती याच रस्त्याने जात होती. रोज ती रोपं इंचाइंचाने वर येत असणार आणि ती त्यांच्यावरून नजर फिरवून पुढे जात असणार.

"बाई!" शिंप्याने दोरा दातांत धरूनच हाक मारली. "तुमच्या खताला तोड नाही हो! आम्हाला काही लावायचीसुद्धा गरज नाही, आपलं आपण उगवतंय!"

"हात धुवा," ती म्हणाली.

"ऑं?"

"त्याला हात लावलात की साबणाने हात धुवा. आणि दोरा दातांत धरू नका."

शिंपी हसला. बाई आज मिस्कील झाल्या असं त्याला वाटलं असावं.

पुढे बालवाडी होती. कुंपणालगत वाफा होता आणि वाफ्यात ओळीने काड्या रोवून त्यांवर रंगीत कागद चिकटवले होते. मुलं उकिडवी बसून बोटांनी माती उकरत होती. बाकी कशाची रोपं आली होती की नाही कोण जाणे, टोमॅटो मात्र मुलांच्या गुडघ्याला लागत होते. धाकटी कुंपणाला धरून उभी राहिली. तिला ओरडावंसं वाटलं, पण काय ओरडायचं ते ठरेना. एका मुलीने तिला बघून मातीचा हात हलवला आणि मग तोच हात तोंडात घातला.

*

कारखान्यात सगळं नेहमीसारखं होतं. अमोनियाचा उग्र वास डोळ्यांत शिरत होता, चरक कण्हत होता. भिंतीवरच्या मीटरवर लाल आकडे शांतपणे सत्तर दाखवत होते. मीटरखाली फिटर खुर्ची टाकून बसला होता. त्याला सगळे उस्ताद म्हणत, आणि त्याला ते आवडायचं.

"या बाई. आज उशीर? डबा द्या, ठेवतो. हल्ली डबे असे तापतात की काय सांगू. काल चरकवाल्याची जीभ भाजली. म्हणतो, बायकोने नुसता भात दिला होता, त्याची इथे बिर्याणी झाली!"

डब्याची मांडणी हे उस्तादचं मोठं काम. गरम पाण्याच्या पाइपाला एक फाटा काढून त्याने वर पत्रा बसवला होता. सगळे आल्या आल्या आपापला डबा त्यावर ठेवत. सुट्टीपर्यंत जेवण वाफाळलेलं असायचं.

धाकटीने डबा दिला नाही. ती सरळ टाकीपाशी गेली, खालचा तपासणीचा नळ उघडला आणि बादलीत गाळ घेतला. वाफ आली नाही. तिने बाही वर सारली आणि बादलीच्या बाहेरून, हाताने नव्हे, कोपराने पत्रा चाचपला. कोमट. अगदी लहान मुलाला आंघोळ घालावी इतपत. "ये, झालंय," तिला ऐकू आल्यासारखं झालं.

काचेचा तापमापक आणून तिने बादलीत बुडवला. पारा चाळिशीच्या जरा वर जाऊन थांबला. ती वाट बघत राहिली. तो हललाच नाही. पोटातून गाळ जसा निघत होता तसाच टाकीतून पुढे चालला होता.

"उस्ताद, मीटर काय दाखवतंय?"

"सत्तर! बघा ना, ठणठणीत."

"मीटरची ताप मोजणारी सुई टाकीत कुठे बसवलीय?"

उस्तादने हातातलं फडकं दुसऱ्या हातात घेतलं.

"टाकीत नाही ती, बाई."

"म्हणजे?"

"आता तुम्हीच आठवा. तिच्यावर सारखा लगदा बसायचा. लगदा बसला की आकडा खाली, आकडा खाली की भोंगा, भोंगा वाजला की सगळी लाइन ठप्प. तुम्हीच कपाळाला हात लावायचात. मग मी ती काढून पाण्याच्या पाइपात बसवली. बॉयलरमधून निघतं ना पाणी, तिथे. पाणी तापलेलं म्हणजे टाकी तापलेली, एवढा साधा मामला. तात्पुरतंच करणार होतो."

"कधी?"

"थंडी सुरू झाली तेव्हा."

"पण पाणी तापलेलं आहे तर टाकी गार का?"

ती विचारत होती आणि तिचं लक्ष भिंतीकडे जात होतं. थंडीतच नवी पाळी सुरू झाली होती. माणसं वाढली, डबे वाढले. एक पत्रा पुरेना म्हणून उस्तादने दोन मजली मांडणी केली होती आणि फाट्याचा पाइप बदलून चांगला जाडजूड घातला होता. त्या दिवशी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. तिनेही. मुळात पहिला पत्रा तिच्याचसाठी बसवला होता, कारण गार जेवण तिच्या घशाखाली उतरत नाही असं तिने एकदा सहज म्हटलं होतं.

मांडणीवर डबे झाकणं थडथडवत होते. खालच्या पाइपातून पाणी शिट्टी घालत होतं.

टाकीतल्या नळ्या लांब, अरुंद, गाळाने वेढलेल्या. फाटा जाड आणि मोकळा. पाण्याने सोपी वाट धरली होती. बॉयलरमधून निघायचं, सुईला सत्तर सांगायचं, डब्यांखालून फिरायचं आणि परत बॉयलरमध्ये यायचं. टाकीपर्यंत पोचत होतं ते नावापुरतं. थंडीपासून सगळ्या गावाच्या गाळाऐवजी पंचवीस-तीस माणसांचं जेवण तापत होतं.

उस्तादला ते तिच्या तोंडाकडे बघूनच कळलं असावं. तो खाली बसला.

"बाई, मी आपलं सगळ्यांना गरम..."

तिने फाट्याचं चाक फिरवून बंद केलं. शिट्टी थांबली. चरकापलीकडून कुणीतरी ओरडलं, "कुणी बंद केलं रे ते? माझी अंडी आहेत त्यावर!" आणि दोघेतिघे हसले. त्या हसण्याने उस्तादने मान आणखी खाली घातली.

*

साहेबांनी ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी लगेच खताच्या गाड्या थांबवल्या, छपराखालचा ढीग झाकायला लावला आणि नमुना तपासायला पाठवला. मग केबिनचं दार लावून घेतलं.

"आणि जे गावात गेलंय ते?" धाकटीने विचारलं.

"निकाल येऊ द्या, बाई. आठवडाभर तर लागेल."

"बालवाडीतली मुलं त्यात बोटं घालतायत. मी आत्ता बघून आले."

"कुणी आजारी पडलंय?"

"मला माहीत नाही. पोट बिघडलं तर कुंडीवर कोण संशय घेतं?"

साहेब खिडकीकडे वळले. "सांगायचं काय लोकांना? टोमॅटो उगवलेत, घाबरा? मग काय होईल? खत नको म्हणतील. मग म्हणतील, कचरा तरी वेगळा कशाला करायचा. सगळं एकत्र टाकायला लागतील आणि पुन्हा उकिरडा पेटेल. तुम्ही इथल्याच. तुम्हाला आठवत असेल तो धूर."

तिला आठवत होता. गावाच्या टोकाला रात्रंदिवस धुमसणारा उकिरडा, दोरीवरच्या कपड्यांना येणारा वास, धुण्याच्या पांढऱ्या कापडावर बसणारे काळे कण. वडिलांचा खोकला. तो धूर बंद झाला त्या वर्षी थोरली गच्चीत उभी राहून म्हणाली होती, "अगं, डोंगर केवढा जवळ होता!" त्या दिवसापासून धाकटीने या कारखान्याला कधी नाव ठेवू दिलं नव्हतं.

"निकाल येईपर्यंत तोंडातून शब्द काढू नका," साहेब म्हणाले. "आठच दिवस. गावासाठीच म्हणतोय मी."

त्यांचं म्हणणं तिला सगळंच खोटं वाटलं नाही, आणि तेच वाईट होतं. ती उठली. "मी घरी चाललेय," एवढंच म्हणाली.

*

थोरली खाली, पलंगावर होती. भर दुपारी शाल लपेटून.

"काही नाही गं. जराशी कणकण आहे. तुझं ते औषध मारून झालं का? मी गेले नाही हं गच्चीवर, उगाच डोळे वटारू नकोस."

धाकटीने तिच्या कपाळाला हात लावला आणि मग तिचा हात ओढून अंगठ्याची पट्टी काढली. काट्याची जागा लाल, ताणलेली, आणि तिथून एक पुसट रेघ मनगटाकडे निघालेली.

"चपला घाल. दवाखान्यात जायचंय."

"आत्ता? उद्या जाऊ की."

"ताई, खत शिजलेलं नव्हतं."

थोरलीने अंगठा वळवून पाहिला.

"थंडीपासून नव्हतं. मी तुला सांगितलं की शिजलेलं आहे, म्हणून तू हात घातलेस. काल मला गच्चीवर शंका आली, पण मी बोलले नाही. मला आधी बघायचं होतं."

धाकटीला वाटलं आता ही रागावेल, आणि तिला तेच हवं होतं. थोरली रागावली नाही. शालीतून पाय काढत ती चपला शोधू लागली, पण शोधता शोधता थांबली.

"छोटे," ती म्हणाली, "मी एक कुंडी दिलीय."

"कुणाला? शिंप्याला? त्याच्याकडे आपलं खत आहेच."

"दवाखान्यात. मागच्या तपासणीला गेले होते ना. खिडकी किती उघडी-बोडकी दिसते तिथली, सगळे आपले भिंतीकडे बघत बसलेले. म्हणून टोमॅटोची तीन विकतची रोपं आपल्या खतात लावून नेली. नर्सबाईंनी खिडकीत ठेवली. सगळ्यांच्या हाताशी."

त्या खिडकीपाशी कोण बसायचं ते दोघींना माहीत होतं. थोरलीसारखीच सगळी. कुणात बापाचं मूत्रपिंड, कुणात बहिणीचं, कुणात अनोळख्याचं. सगळ्यांच्या अंगातले राखणदार झोपलेले.

"ऊठ," थोरलीच म्हणाली. "आधी ती कुंडी."

रिक्षात थोरलीचे दात एकदा वाजले, मग तिने जबडा घट्ट धरला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी दारं, खिडक्या, पायऱ्या येत आणि जात होत्या, आणि धाकटीला आता न शोधताही दिसत होतं. हिरवं. जिकडेतिकडे कातरलेलं हिरवं.

दवाखान्याच्या त्या खोलीत सात-आठ माणसं बसली होती. कुंडी खिडकीत होती. रोपं काठीला बांधून छान वर चढवली होती आणि एका झुबक्यात पिवळं फूल उमललं होतं. खिडकीशेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मास्क हनुवटीवर ओढला होता. ते पान चुरगळून बोटांचा वास घेत होते आणि शेजारच्या तरुण मुलीला सांगत होते, "आमच्या मागच्या दारी असाच वास यायचा बघ. कित्येक वर्षांनी आला."

मुलीनेही एक पान तोडलं.

धाकटी पुढे झाली. गळ्यातली ओढणी हाताला गुंडाळून तिने कुंडी उचलली आणि पोटाशी धरली.

"अहो, अहो!" नर्स टेबलामागून उठली. "कुठे नेताय? तुमच्या ताईंनीच दिलीय ना ती? कालच तिला पहिलं फूल आलंय. आम्ही सगळे पाणी घालतो तिला, पाळ्या लावून!"

"सगळे?"

"सगळे म्हणजे सगळे. भांडणं होतात पाण्यावरून!" नर्स हसली, आणि खोलीत दोन-चार जण हसले.

धाकटीच्या मनात एक सोपं उत्तर तयार होतं. कीड लागलीय, बदलून आणते. कुणी काही विचारलं नसतं. साहेबांचे आठ दिवस सुरळीत गेले असते. तिने थोरलीकडे पाहिलं. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, अंगठा मुठीत लपवून. तिने काही खूण केली नाही. नुसती बघत होती, लहानपणी बादलीपाशी बघायची तशी, पाणी खरं काय ते सांगेल म्हणून.

"ऐका," धाकटी म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. "मी कचऱ्याच्या कारखान्यात आहे. खत गरम करायचं काम माझं. थंडीपासून ते गरम झालेलं नाही. या मातीत कचऱ्यातले जंतू जिवंत असणार. ज्यांनी ज्यांनी हिला हात लावलाय त्यांनी आत्ता हात धुवा आणि डॉक्टरांना सांगा. कुणाच्या घरी आमचं पोतं असेल तर त्याला हात लावू नका. घरी फोन करा, शेजारी सांगा. बालवाडीत कुणाचं मूल असेल तर आधी तिथे करा."

म्हातारे गृहस्थ आपली बोटं डोळ्यांपासून लांब धरून बघायला लागले, जणू ती दुसऱ्या कुणाची होती. मुलीने हातातलं पान खाली टाकलं आणि ते पडलं तिथून पाय मागे घेतले. कोपऱ्यातल्या बाईने फोन कानाला लावला. "उचल रे," ती पुटपुटत होती, "उचल." नर्स धावत आत गेली आणि नळ जोरात सुटल्याचा आवाज आला.

डॉक्टरबाई बाहेर आल्या. त्यांनी थोरलीची मूठ उघडली, अंगठा पाहिला, मनगटावरची रेघ पाहिली. ती आता कोपराच्या दिशेने आणखी वर गेली होती. आतल्या खोलीकडे बघून त्या म्हणाल्या, "खाट तयार करा. लगेच."

धाकटीच्या पिशवीत फोन वाजायला लागला. साहेबांचा असणार. गावात बातमी पाण्यासारखीच वाट काढते. तिने तो वाजू दिला. कुंडी दाराबाहेर नेऊन एका पिशवीत गच्च बांधून ठेवली, हात धुतले आणि ती आत जाऊन खाटेशेजारी बसली.

"छोटे," थोरली डोळे मिटून म्हणाली, "पालक तेवढा उपटू नकोस हं. तो मी लावलाय."

"नाही उपटणार," धाकटी म्हणाली. हेही खोटं होतं, आणि थोरलीला ते कळलं असावं, कारण ती किंचित हसली.

फोन थांबला आणि पुन्हा सुरू झाला. बाहेरच्या खोलीत आता एकाच वेळी पुष्कळ आवाज बोलत होते. धाकटीने थोरलीचा हात हातात घेतला. तो गरम होता. पुढे सरकून तिने आपलं कोपर त्यावर टेकवून पाहिलं. कोपरालाही गरमच लागला.